त्या रेशमाच्या नसेचं पुढे काय झालं?

लग्नात, बारशाला, एसटीत शेजारी बसल्यावर, आणि आता तर रात्री अकरा वाजता व्हॉट्सअ‍ॅपवरही: "मॅडम, तुम्ही ते रेशमाने नस जोडायचं शोधत होता ना, त्याचं पुढे काय झालं?" विचारणारे दोन तऱ्हेचे असतात. काही जण जिलबी खाताखाता सहज विचारतात. त्यांना मी "चाललंय काम" म्हणून वाटेला लावते. बाकीच्यांच्या घरात कोणाचा तरी हात लुळा पडलेला असतो. त्यांच्याशी काय बोलायचं हे मला दहा वर्षांत जमलेलं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. यापुढे कोणी विचारलं तर हेच वाचायला देईन.

आधी 'नस' या शब्दाचं. आपल्याकडे रक्त वाहतं तीही नस, मान अवघडली की नसेवर नस चढते, कंबरेत नस दबते, आणि डॉक्टर ज्याला नर्व्ह म्हणतात तीही नसच. मी मज्जातंतूंबद्दल बोलते आहे, तेही मेंदू आणि पाठीच्या कण्यातून बाहेर पडून हातापायांत गेलेल्या. लकवा झालेल्या माणसाची नस तुटलेली नसते, त्याचा मेंदू दुखावलेला असतो. त्याला रेशमाचा काडीचा उपयोग नाही. हे मी इतक्यांदा सांगितलं आहे की आता सांगताना माझा आवाज चढतो. त्याबद्दल माफ करा.

दुसरी चूक माझीच. शाळा-कॉलेजात व्याख्यानं द्यायचे तेव्हा मी म्हणायचे, नस म्हणजे वायर, तुटली की जोडायची. मुलांना पटकन कळायचं, पण ते खोटं होतं. वायर तुटली तरी दोन्ही तुकड्यांतलं तांबं तांबंच राहतं. नस तुटली की जखमेच्या पलीकडचा धागा मरतो. ऑगस्टस वॉलरने हे १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसा कापून दाखवलं. मागे राहतात रिकामी आवरणं आणि त्यांत ओळीने उभ्या श्वान पेशी, म्हणजे नसेच्या धाग्याला वेढून सांभाळणाऱ्या पेशी. कण्याच्या बाजूने नवा कोंब फुटतो, तो या पेशींच्या आधाराने पुढे सरकतो, दिवसाला साधारण एक मिलीमीटर. टोकं जवळ असतील तर सर्जन टाके घालतो. मधला तुकडाच गेला असेल तर ताणून शिवता येत नाही, ताणलेली नस भरून येत नाही. मग रुग्णाच्याच पोटरीतली एक नस काढून तिथे बसवतात. हात सुधारण्याची आशा मिळते, पण पावलाची बाहेरची कड बधिर होते.

तिच्या जागी रेशमाची नळी बसवून ती पोटरीतली नस वाचवायची, एवढंच आमच्या लॅबचं ध्येय होतं. रेशीम काही नस होत नाही. रेशीम म्हणजे वेलीला लावलेला मांडव.

आणि मांडव म्हणून ते खरंच चांगलं आहे, यावर मी आजही कोणाशीही वाद घालेन. कोषावरचा डिंक, म्हणजे सेरिसिन, सोड्याच्या पाण्यात उकळून काढला की उरतं ते फायब्रॉइन. शरीर त्याच्यावर फारसं चिडत नाही. ते विरघळतं, पण सावकाश. तुतीच्या रेशमाची आम्ही नळी करायचो आणि तिच्या पोटात कोसा रेशमाचे धागे लांबीच्या दिशेने ओवायचो. कोसा म्हणजे आमच्या भंडारा-गडचिरोलीकडचा टसर. ऐन-अर्जुनाच्या झाडांवर, उघड्या रानात वाढणारा. आरमोरीकडची ढिवर कुटुंबं पाखरं हाकलत त्या अळ्या राखतात. त्याच्या फायब्रॉइनमध्ये आर्जिनीन, ग्लायसिन आणि अस्पार्टिक आम्ल अशी तीन अमिनो आम्लं ओळीने येतात, आणि पेशीला धरून बसायला नेमकी हीच जागा लागते. तुतीच्या फायब्रॉइनमध्ये ती नाही. आजीच्या करवतकाठी लुगड्यात जो टसरचा धागा होता त्यावर श्वान पेशी रांगेने चढताना मी सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा पाहिल्या, त्या रात्री मला झोप आली नाही. अशी रात्र आयुष्यात दोन-तीनदाच येते. नाही आली तर संशोधन कशाला करायचं?

आम्ही काही एकटे नव्हतो. चीनमधल्या नानतोंगच्या गटाने २००७ मध्ये रेशमाच्या नळीतून उंदराची १० मिलीमीटरची तूट भरून दाखवली होती. जर्मनीत हॅनोव्हरला तर कोळ्याच्या धाग्यावर काम चालू होतं. कोळी रेशमाच्या किड्यांसारखे एकत्र पाळता येत नाहीत, एकमेकांना खातात, म्हणून एकेकाला धरून धागा ओढून काढायचा. तो धागा शिरेत भरून त्यांनी मेंढीच्या पायातली सहा सेंटिमीटरची तूट भरली. तो शोधनिबंध २०११ चा. आमच्या लॅबच्या भिंतीवर त्यातला एक फोटो कितीतरी महिने चिकटवलेला होता.

आता आमच्या उंदरांबद्दल. मांडीतली नस उघडायची, दहा मिलीमीटर कापून टाकायची, नळी बसवायची आणि केसाहून बारीक नायलॉनने टाके घालायचे. दोन आठवड्यांनी उंदराचे मागचे पंजे शाईत बुडवायचे आणि अरुंद बोळातून कागदाच्या पट्टीवर चालवायचं. धड पायाचा ठसा पंख्यासारखा उमटतो, बोटं फाकलेली. नस तुटलेल्या पायाचा लांबट, बोटं मिटलेली, मागे फरफट. बारा आठवडे हेच. कुठल्याशा मंगळवारी पट्टीवर बोटं किंचित फाकलेली दिसतात आणि तुम्ही पट्टी हातात धरून कॉरिडॉरमधून पळत सुटता. काही उंदीर आपली बधिर बोटं स्वतःच कुरतडून टाकायचे. ते फोटो मी व्याख्यानात कधी दाखवले नाहीत.

आणखी एक गोष्ट मी कधी दाखवली नाही. रिकाम्या सिलिकॉनच्या नळीतूनसुद्धा उंदराची दहा मिलीमीटरची नस पलीकडे जाते. हे १९८२ पासून माहीत आहे. पंधरा मिलीमीटरला मात्र अडते. म्हणजे आमची परीक्षा सोपी होती. निबंधात हे एका वाक्यात लिहिलेलं आहे, लपवलेलं नाही. पण वर्तमानपत्राच्या बातमीदाराला मी ते सांगितलं नाही, आणि २०१४ च्या उन्हाळ्यात बातमी आली: तुटलेली नस आता रेशमाने जुळणार. माझा फोटो, हातात कोसा. मावशीने ती कापून देवघराच्या फडताळात ठेवली.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीला तिचा धाकटा मुलगा मोटरसायकलवरून पडला. वय तेवीस. हेल्मेट होतं, म्हणून डोकं वाचलं. पण उजवा खांदा आपटला, मान एका बाजूला गेली, खांदा दुसऱ्या बाजूला. मानेतून हाताला जाणाऱ्या नसांचा गुंता ताणला गेला. जखम दिसायला काही नाही, हात मात्र पोत्यासारखा लोंबत होता. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, तीन महिने बघू, हालचाल आली नाही तर ऑपरेशन, पण सहा महिन्यांच्या आत.

ऑक्टोबरमध्ये मावशीचा फोन आला. मी लॅबमध्ये होते, समोर कोष उकळत होते, तो ओलसर उग्र वास अजून नाकात आहे. ती म्हणाली, "डॉक्टर पायातली नस काढतो म्हणतात. पोराचा पायही जायचा. तुझ्या रेशमाचं होत असेल तर थांबू का व बाई आम्ही?"

मी काय म्हटलं ते मी हजारदा आठवून पाहिलं आहे. मी "थांबा" म्हटलं नाही. याची मला खात्री आहे. मी म्हटलं, "नस रोज एक मिलीमीटर वाढते मावशी, कधीकधी आपली आपण येते. आमचं माणसांत यायला पाच-सहा वर्षं लागतील." मग मला वाटलं हे फार कोरडं झालं, म्हणून पुढे म्हटलं, "पण निकाल फार छान आहेत."

वाक्यं तिन्ही खरी होती.

मावशीला ऐकू आलं ते एवढंच, की नस आपली आपण येते आणि निकाल छान आहेत. त्यांनी ऑपरेशनची तारीख सोडली. तेल, शेक, एका वैद्यांचा लेप, कोणी सांगितलं म्हणून विजेचे झटके. मी पेपर लिहीत होते. दिवाळीला गेले नाही. पुढच्या मे महिन्यात लग्नाच्या निमित्ताने गेले तेव्हा त्याचा दंड पाहिला. कातडीखाली नुसतं हाड. चहाचा कप त्याने गमतीने उजव्या हाताच्या बोटांत अडकवून धरला होता. कप गरम होता, बोटं लाल झाली होती, आणि त्याला पत्ता नव्हता. ती बोटं पाहून मला पट्टीवरचे मिटलेले ठसे आठवले. उंदीर आठवावेत याची लाज वाटली, पण आठवले.

तेव्हा मी पहिल्यांदा फाइल मागितली. एमआरआय सप्टेंबरचाच होता. हाताच्या नसांच्या मुळ्या कण्यातून उपटून आलेल्या. उपटून आलेल्या नसेला रेशमाची नळी लावणार कुठे? एका बाजूला टोकच नाही. तिथे पोटरीतली नसही फारशी उपयोगी नसते. तिथे शेजारच्या चालू नसेचा एक पदर काढून दंडाच्या नसेला जोडतात. पण स्नायू जिवंत आहे तोवरच. नस न मिळालेला स्नायू साधारण वर्ष-दीड वर्षात कायमचा हातचा जातो, म्हणून ही शस्त्रक्रिया सहा महिन्यांच्या आत बरी. आता अकरा महिने झाले होते.

मी त्या फोनवर फक्त एक प्रश्न विचारायला हवा होता: एमआरआयमध्ये काय लिहिलंय? मी विचारला नाही. तिने रेशमाबद्दल विचारलं, मी रेशमाबद्दल बोलले.

पुढे मांडीतला स्नायू काढून दंडात बसवण्याचं मोठं ऑपरेशन झालं. आज त्याचं कोपर वाकतं. एक पिशवी धरता येते, मनगटात अडकवून. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, डाव्या हाताने चिमटा चालवतो आणि माझ्यापेक्षा बारीक टाका घालेल असा त्याचा हात आहे. मला बघितलं की हसून विचारतो, "ताई, तुझे किडे काय म्हणतात?"

२०१४ ची मी आज समोर बसली तर म्हणेल, मी पीएचडीची विद्यार्थिनी, डॉक्टर नाही. त्यांचा डॉक्टर होता, त्याने तारीख दिली होती, त्यांनी ती सोडली. मी जबाबदार कशी? आणि माझ्याकडे धड उत्तर नाही. खरंच, बेत त्यांनीच रद्द केला. ऑपरेशन वेळेवर झालं असतं तर हात आला असता, हेही कोणी छातीठोक सांगणार नाही. उपटलेल्या मुळ्यांत बोटं परत येणं तसंही अवघड. पण मग ती पुढे म्हणते, आशा दिली त्यात काय बिघडलं? तिथे माझं तिच्याशी जमत नाही. आशेचा दर तिला माहीत होता: मानेपासून बोटापर्यंत सातशे मिलीमीटरच्या वर, रोज एक. हा भागाकार तिने फोनवर मोठ्याने केला असता तरी मावशीला कळलं असतं. मावशी सातवी शिकलेली आहे, तिला भागाकार येतो.

मग मी त्यामुळे काम सोडलं का? लोकांना तसं हवं असतं, गोष्टीला शेवट मिळतो. नाही. फेलोशिप संपली, पुढचा प्रकल्प मंजूर झाला नाही, मुलगी झाली, नागपूरला कॉलेजात नोकरी मिळाली. काही दिवस मीही 'त्यामुळे सोडलं' असं सांगत असे. ऐकायला बरं वाटायचं.

आणि रेशमाचं? ते थांबलेलं नाही. युरोपात बोटांतल्या बारीक, संवेदनेच्या नसांवर मोजक्या रुग्णांत रेशमाच्या नळ्या वापरून पाहिल्या आहेत. छोटी तूट भरायला कोलॅजनच्या नळ्या बाजारात आहेत. मोठ्या तुटीला अजूनही पोटरीतलीच नस पहिली पसंती. उद्या रेशीम तिथवर पोचेलही. मी ते पोचणार नाही असं म्हणत नाही, आणि कधी पोचेल ते सांगणार नाही. पाच वर्षं तर नाहीच. हा आकडा मी आता तोंडातून काढत नाही.

गेल्या महिन्यात अमरावतीहून एका गृहस्थांचा फोन आला, मुलीचं मनगट काचेने कापलेलं. मी विचारलं, किती दिवस झाले? म्हणाले, नऊ. मी म्हटलं, रेशीम विसरा, उद्याच्या उद्या हाताच्या सर्जनकडे जा. ते नाराज झाले. म्हणाले, "तुम्ही स्वतः संशोधन केलंय आणि तुम्हीच असं बोलता?" मी जरा जोरातच बोलले असेन. त्यांनी पुढे काय केलं ते कळवलं नाही.

सगळे विचारतात, मावशी विचारत नाही. इतक्या वर्षांत एकदाही नाही. दिवाळीला गेले की ती सांबारवडी करते, कारण मला आवडते. जाताना डबा भरून देते. या वेळी डबा शोधायला तिने फडताळ उघडलं तेव्हा मी मुद्दाम पाहिलं. कात्रण तिथेच आहे, पिवळं पडलेलं, हळदीकुंकवाच्या डबीखाली. तिने माझी नजर बघितली, फडताळ लावलं, आणि विचारलं, लोणचंही देऊ का?