फ्रेंचचा गंध नसताना क्युबेक सिटी

तुम्ही विचारलंत म्हणून. थंडीची चाहूल लागली की टोरांटोच्या मराठी मंडळाच्या पंगतीत हा प्रश्न कुणी ना कुणी काढतंच : "लाँग वीकेंडला दोघंच क्युबेक सिटीला जावं म्हणतोय. फ्रेंचचा गंध नाही. जमेल का? आणि मॉन्ट्रियल सोडून आणखी अडीचशे किलोमीटर पुढे जाण्यासारखं तिथे आहे तरी काय?"

जमेल, खुशाल जा. फक्त 'स्वस्तातलं पॅरिस' बघायला म्हणून जाऊ नका, नाहीतर फोटो काढून कंटाळून परत याल. पॅरिसशी या गावाचा संबंध तसा १७६३ सालीच तुटला. त्या वर्षीच्या तहात फ्रान्सने कॅनडावरचा हक्क सोडला आणि इथली माणसं इंग्रजांच्या हाती आली. ती फ्रेंचच बोलत राहिली, आजही बोलतात. बघायचं आहे ते हे. मॉन्ट्रियलच्या दुकानात तुम्ही अडखळलात की समोरचा लगेच इंग्रजीवर येतो. क्युबेक सिटीत जुन्या गावाबाहेर दोन गल्ल्या गेलात की बसमधली पोरं, भाजीवाला, फोनवर भांडणारी बाई, सगळं फ्रेंचमध्ये चालतं. जुन्या गावात हॉटेल-दुकानांतल्या लोकांना इंग्रजी येतं, त्यामुळे अडत काही नाही. पण आत शिरताना आधी 'बाँझूर' (फ्रेंच नमस्कार) म्हणा. थेट इंग्रजीत सुरू झालात तर कपाळावर बारीकशी आठी दिसते, आणि ती मला रास्त वाटते. १९७७ च्या कायद्याने इथे फ्रेंच पाट्या सक्तीच्या झाल्या, रस्त्यावरच्या 'स्टॉप'चासुद्धा 'आरे' झाला. मराठी पाट्यांचं राजकारण ज्यांनी जवळून पाहिलंय, त्यांना यात नवल वाटू नये.

इतिहासाची आवड नसलेल्या नवऱ्यालाही (माझा तसाच आहे) एक जागा आवडते, ती म्हणजे शातो फ्राँतेनाक हॉटेलशेजारची बाग. सॅम्युएल द शाँप्लेनने १६०८ मध्ये वसवलेलं हे गाव १३ सप्टेंबर १७५९ रोजी गावालगतच्या अब्राहमच्या पठारावरच्या लढाईत इंग्रजांपुढे पडलं. प्रत्यक्ष चकमक तासभरही चालली नाही. इंग्रज सेनापती वुल्फ मैदानातच गेला, फ्रेंच सेनापती माँकाल्म दुसऱ्या दिवशी पहाटे. बागेत त्या दोघांचा मिळून एकच स्तंभ आहे. जिंकलेला आणि हरलेला एकाच दगडावर! आणि इंग्रजी की फ्रेंच हा वाद नको म्हणून की काय, त्यावरचा मजकूर लॅटिनमध्ये आहे. ही लढाई ज्या सात वर्षांच्या युद्धातली, त्याच युद्धात आपल्याकडे तमिळनाडूतल्या वांदिवाशला इंग्रजांनी फ्रेंचांचं कंबरडं मोडलं, हेही तिथे उभं असताना आठवतं.

तिथून दोन पावलांवर डफरीन टेरेस. मी मूळची सोलापूरची. डफरीन चौकातून शाळेला जायचे, टोरांटोत आल्यावर पहिलं घर डफरीन स्ट्रीटजवळ मिळालं, आणि इथे बघते तर नदीवरच्या लाकडी फळ्यांच्या लांबलचक सज्जालाही हेच नाव. माणूस एकच : लॉर्ड डफरीन. १८७२ ते १८७८ कॅनडाचा गव्हर्नर जनरल, पुढे १८८४ ते १८८८ हिंदुस्थानचा व्हाइसरॉय. आपल्याकडची डफरीन हॉस्पिटलं त्याच्या बायकोने उभारलेल्या निधीतली. इंग्रजी फौज इथून निघून गेल्यावर गावकऱ्यांना तटबंदी म्हणजे नुसती अडचण वाटू लागली होती, काही वेशी पाडूनही झाल्या होत्या. तट राहू द्या, वेशी हव्या तर रुंद करून बांधा, हा डफरीनचा आग्रह. त्यामुळे मेक्सिकोच्या उत्तरेला तटबंदी शाबूत असलेलं हे एकमेव शहर उरलं आणि १९८५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. व्हाइसरॉय म्हणून त्याच्याबद्दल माझं मत फारसं बरं नाही, पण तटावरून फिरताना त्याला एवढे गुण द्यावे लागतात.

हिवाळ्यात याच टेरेसच्या टोकाला बर्फाची घसरगुंडी असते, १८८४ पासूनची. लाकडी टोबोगन, म्हणजे बर्फावरून घसरायची बिनचाकी गाडी, दोरीने ओढत उतारावरून आपणच वर न्यायची. वर गेल्यावर एक पोरगा ती पन्हाळीत लावतो. पुढच्याने पाय आत वळवायचे, मागच्याने पुढच्याला पायांच्या कात्रीत धरायचं, आणि फळी तिरकी झाली की संपलं. बर्फाचा बारीक भुगा तोंडावर येतो, डोळे उघडे ठेवायचे म्हटलं तरी राहत नाहीत. कँडललाइट डिनरवर पैसे घालण्यापेक्षा हे करा. उणे वीस सहज होतं, तेव्हा बूट चांगले घ्या. कोट उसना चालेल, बूट नाही.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी मंडळींनी जरा विचारून खावं. पुतीन म्हणजे बटाट्याच्या सळ्या, त्यावर चीजचे दाताखाली करकरणारे गोळे आणि गरम ग्रेव्ही. दिसायला निरुपद्रवी, पण ग्रेव्ही बहुतेकदा मांसाच्या अर्काची असते. वाटाण्याच्या सुपातही हॅम असतं. 'साँ व्हियाँद', म्हणजे मांस नको, एवढं पाठ करून जा. बिनधोक काही हवं तर मेपलच्या झाडाच्या रसाचा पाक. उकळता पाक स्वच्छ बर्फाच्या थरावर ओततात, तो तिथल्या तिथे घट्ट व्हायला लागतो आणि मग काडीला गुंडाळून देतात. गुऱ्हाळावर गरम काकवी बोटाने चाटली असेल तर ही हाव ओळखीची वाटेल. एक लिटर पाकाला झाडाचा साधारण चाळीस लिटर रस आटवतात, त्यामुळे किंमत बघून कुरकुर करू नये.

हॉटेल तटाच्या आतच घ्या, खोली लहान मिळाली तरी. गाडी एकदा लावली की परत निघेपर्यंत विसरायची, सगळं पायी होतं. चढ मात्र जबर आहेत. खालच्या गावातून वर यायला १८७९ पासूनची फ्युनिक्युलर, म्हणजे कड्यावर दोराने ओढली जाणारी गाडी, आहे, तिला लाजू नका. आणि एका संध्याकाळी नदीपलीकडच्या लेव्ही गावाची फेरीबोट नक्की पकडा. दहा-बारा मिनिटांचा प्रवास, बसच्या भाड्यात बसावा असा. सेंट लॉरेन्स नदीला इथे भरती-ओहोटी लागते, त्यामुळे बर्फाचे तुकडे कधी समुद्राकडे तर कधी उलटे वर सरकताना दिसतात आणि बोटीच्या तळाला धडाधड आपटतात. परत येताना बाहेरच्या डेकवर उभे राहा, अख्खा कडा दिव्यांसकट समोर येतो.

मुलांना न्यावं का, हाही प्रश्न येतोच. न्या की. त्र्याऐंशी मीटरचा माँमोरन्सी धबधबा जवळच आहे, नायगारापेक्षा उंच, त्यांना तोच आवडेल. पण मग 'दोघांची ट्रिप' म्हणू नका.