नवा प्रेस न घेता

ऑर्डरी होत्या, पण माल वेळेवर निघत नव्हता. आमचं पत्र्याच्या ब्रॅकेट-क्लॅम्पचं छोटं प्रेस शॉप. एक पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा दाबून कापणारं-वाकवणारं मशीन, कमी पडतोय, याबद्दल मला जराही शंका नव्हती. कर्जाचे कागद जमवण्याआधी, लहान कारखान्यांचंच काम करणाऱ्या एका सल्लागार बाईंना बोलावलं. आल्या आल्या भिंती रंगवायला आणि पाट्या लावायला सांगतील, असा माझा अंदाज. त्यांनी एक ब्रॅकेट उचलला आणि विचारलं, "हा पत्रा आत आल्यापासून गाडीत चढेपर्यंत कुठं कुठं थांबतो?"

मग त्या ब्रॅकेटच्या मागे आम्ही शॉपभर फिरलो. शिअरिंग (पत्र्याच्या पट्ट्या कापणं), ब्लँकिंग (पट्टीतून आकार कापणं), बेंडिंग (वाकवणं), टॅपिंग (भोकात आटे पाडणं), पॅकिंग. प्रत्येक ठिकाणी दोनच गोष्टी लिहायच्या: नगाला हात किती वेळ लागतो आणि तो नुसता किती वेळ पडून राहतो. काम काही मिनिटांचं, मुक्काम आठवड्यांचा. बाईंनी लिटलचा नियम सांगितला. जॉन लिटल यांनी १९६१ साली तो गणिताने सिद्ध केला. अर्धवट पडलेले नग भागिले रोज बाहेर जाणारे नग, म्हणजे एका नगाला लागणारे दिवस. ९००० नग पडून असतील आणि रोज ५०० जात असतील, तर १८ दिवस लागणारच. त्यात ब्लँकिंगला आणखी एक प्रेस लावला असता, तर पुढचा ढीग तेवढा वाढला असता.

एवढे नग पडून का? कारण डाय, म्हणजे नगाला आकार देणारा प्रेसमधला साचा, बदलायला दोनेक तास जायचे. एवढा खटाटोप करून डाय चढवलीच आहे, तर महिन्याचा माल काढून घ्या, हा आमचा शिरस्ता.

म्हणून डाय बदलण्याचा व्हिडिओ काढायचं ठरलं, आणि तिथं काम अडलं. आमचे फिटर काका भडकले. "माझ्यावर कॅमेरा लावता?" त्यांचा राग मला पटला, घड्याळ घेऊन कुणी मागे उभं राहिलं की पुढे काय होतं, हे त्यांनी पाहिलेलं होतं. बाईंनी तोड काढली: व्हिडिओ आधी काका एकटे बघतील आणि त्यांना नको असेल तर पुसून टाकतील. काकांनी तो बघितला, आणि यादी त्यांनीच केली. पाना शोधणं. बोल्ट लांब पडला म्हणून दुसरा शोधणं. डायची उंची निराळी, म्हणून दर वेळी शट हाइट, म्हणजे प्रेस पूर्ण खाली आल्यावर डायसाठी उरणारी उंची, नव्याने जुळवणं. पहिला नग तपासायला इन्स्पेक्टर येईपर्यंत बसून राहणं.

ही पद्धत जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांची. मशीन थांबवल्याशिवाय होणार नाहीत ती कामं वेगळी काढायची, आणि मशीन चालू असताना उरकता येणारी आधीच उरकायची. १९६९ मध्ये टोयोटात १००० टनी प्रेसची डाय बदलायला चार तास लागत. ते दीड तासावर आलं, तर व्यवस्थापनाने तीन मिनिटांत करा म्हटलं, आणि तेही झालं. या गोष्टीचा आमच्यासारख्यांना दाखला देतात तेव्हा मला थोडा वैताग येतो. त्यांच्याकडे माणसं होती, पैसा होता. आम्ही केलं ते साधं. सगळ्या डायना खालून प्लेटी जोडून उंची सारखी केली. क्लॅम्पची जागा आणि बोल्ट एकाच मापाचे केले. बेडवर दोन स्टॉपर बसवले, म्हणजे डाय सरकवली की जागेवर जाते. पुढची डाय आधीच ट्रॉलीवर आणून ठेवायची, आणि पहिला नग तपासायचं गेज (मापाचं साधन) मशीनपाशीच. दोन तासांचं काम अर्ध्या-पाऊण तासावर आलं. बेडच्या उंचीची ट्रॉली ही कल्पना काकांची.

यातला हिशोबाचा भाग मला सगळ्यात आवडला. किफायतशीर लॉट किती, म्हणजे एका दमात किती नग काढणं परवडतं, याचं सूत्र फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये मांडलं. त्यात लॉट हा सेटिंगच्या, म्हणजे डाय बदलून जुळवण्याच्या, खर्चाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. खर्च चौथ्या हिश्शावर आला, तर लॉट निम्मा केला तरी चालतो. लॉट निम्मे केले तेव्हा मात्र पोटात गोळा आला होता, कारण दिवसाचे स्ट्रोक (प्रेसचे ठोके) कमी दिसायला लागले आणि सुपरवायझर रोज तेच दाखवायचा. पण माल लवकर निघू लागला. रिजेक्शनही, म्हणजे बिघडलेले नग, लवकर हाती लागायला लागलं. पूर्वी चुकलेलं बेंडिंग टॅपिंगला कळेपर्यंत हजारो नग वाकून झालेले असायचे.

प्रेससमोरचा ढीग ओसरल्यावर खरी अडचण उघडी पडली. ती टॅपिंगला होती. तिथं एकच मशीन, आणि जेवणाच्या सुट्टीत ते बंद. आता सुट्टीत आळीपाळीने माणूस बसतो, आणि बर (कापताना कडेला राहिलेली खरखरीत कोर) असलेले नग टॅपिंगला जाण्याआधीच बाजूला काढतो, म्हणजे टॅप (आटे पाडायचं हत्यार) तुटत नाहीत. छोट्या लॉटच्या ज्या ऑर्डरी आम्ही परवडत नाही म्हणून सोडायचो, त्यातल्या काही घ्यायला लागलो. त्यांना दरही बरा मिळतो.

रिजेक्शन रोज लिहायचा फळा मात्र अजून जमलेला नाही. पहिल्या शिफ्टला भरला जातो, दुसऱ्या शिफ्टला कोरा. बाईंचं म्हणणं, रकाने कमी करा. सध्या तीनच ठेवले आहेत.