आमची वाटचाल : दहा वर्षांनंतरच्या शिफ्टचं रजिस्टर

दोन जुन्या लेथ मशीनवर आम्ही जॉबवर्क सुरू केलं. काम वाढलं तशा सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या मशीन आल्या, आणि मशीन कधी थांबतं, का थांबतं हे कळणं गरजेचं झालं. पहिल्या खेपेला आम्ही चुकलो. त्यासाठी घेतलेल्या यंत्रणेचा डेटा फक्त तिच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडायचा. पुरवठादाराने ते बंद केलं, आणि नोंदी आमच्याच असून आम्हाला वाचता येईनात.

पुढे मशीनवर जॉब लावण्यासाठी (लोडिंगसाठी) रोबोट घ्यायच्या बेतात असताना स्पेक्युलेटिव्ह डिझाइनची ओळख झाली. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकवत असताना अँथनी डन आणि फिओना रेबी यांनी ही पद्धत रुजवली. यात भाकीत करायचं नसतं. ‘असं झालं तर?’ असं विचारून त्या काळातली एखादी वस्तू आजच तयार करायची आणि ती समोर ठेवून बोलायचं. आम्ही रोजच्या हातातली वस्तू घेतली, शिफ्टचं रजिस्टर. दहा वर्षांनंतरच्या एका दिवसाचं पान प्रत्येकाने लिहायचं ठरलं.

बहुतेकांच्या पानावर सगळं सुरळीत होतं. आमच्या सर्वांत जुन्या ऑपरेटरने लिहिलं, ‘दुपारी 2:10. मशीन थांबलं. स्क्रीनवर फॉल्ट नाही. आवाज ओळखणारं कुणी उरलेलं नाही.’

रोबोटची खरेदी तिथेच थांबली. हे ऑपरेटर निवृत्त व्हायच्या आत त्यांच्या कानाला जे कळतं ते नोंदीत उतरवणं आम्हाला जास्त निकडीचं वाटलं. स्पिंडलच्या, म्हणजे मशीनच्या फिरत्या दांड्याच्या बेअरिंगजवळ कंपन मोजणारा सेन्सर लावला, मोटरच्या वायरवर करंट मोजणारा क्लॅम्प बसवला, आणि त्यांच्या हाताशी एक बटण दिलं. आवाज बदलला असं वाटलं की दाबायचं. आलेखावर त्या क्षणी खूण पडते. इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारं पातं, बोथट व्हायला लागला की करंट हळूहळू चढतो. बेअरिंगचं तसं नाही, तिथे करंट जवळपास तोच राहतो आणि कंपन आधी बोलतं. हा फरक नव्या मुलांना आता आलेखावर दाखवता येतो. माझ्या मते आमचं खरं ऑटोमेशन इथून सुरू झालं.

डेटा नेण्यासाठी मुद्दाम खुले प्रोटोकॉल, म्हणजे कुणा एका कंपनीपुरते नसलेले संवादाचे नियम घेतले. मशीनपाशी 1979 पासून चालत आलेला मॉडबस, पुढे एमक्यूटीटी. पुरवठादार बदलला तरी नोंदी आमच्याकडे राहतात.

ओईई, म्हणजे मशीनची एकूण परिणामकारकता, हीही काढू लागलो. उपलब्धता 90 टक्के, वेग 90, गुणवत्ता 95, असे तिन्ही आकडे चांगले दिसतात. गुणाकार मात्र 77च्या आसपास येतो.

रोबोट नंतर आला. त्याच्या शेजारी हाताने जॉब लावायची जागा कायम ठेवली आहे, आणि महिन्यातून एक शिफ्ट आम्ही तशीच चालवतो.

यंदाच्या पानांत एका शिकाऊ मुलीने लिहिलंय : ‘आज नवे जॉब नाहीत. आपणच बनवलेले जुने पार्ट दुरुस्तीला परत आलेत.’ त्यासाठी झीज मोजणारं यंत्र लागेल. ते अजून घेतलेलं नाही, पण नव्या लेआउटमध्ये त्याची जागा आखून ठेवली आहे.