दोर, शिडं आणि इंग्रजी वाक्प्रचार

मुरगाव बंदरात जहाज धक्क्याला लागतं तेव्हा डेकवरच्या ज्या जाड खुंटांना दोर गुंडाळतात, त्यांना इंग्रजीत 'बिट्स' म्हणतात. 'टू द बिटर एंड' बहुधा तिथूनच आलं. नांगराच्या दोराचा खुंटाला वेढा पडला की आत जहाजावर राहणारा भाग तो 'बिटर्स एंड', अशी व्याख्या कॅप्टन जॉन स्मिथ यांच्या १६२७ सालच्या दर्यावर्दी शब्दांवरच्या पुस्तकात आहे. पाणी खोल असलं की दोर सोडत जायचं. हे टोक आलं की सोडायला काही उरत नाही. म्हणून 'फाइट टू द बिटर एंड' म्हणजे अगदी शेवटपर्यंत लढणं. 'कडू शेवट' असं भाषांतर केलं की अर्थ हुकतो. बायबलमधल्या कडू शेवटाच्या उल्लेखाशीही काहीजण याचा संबंध जोडतात. मला मात्र दोराचं मूळ जास्त पटतं.

'थ्री शीट्स टू द विंड'मध्ये शीट म्हणजे शीड, असं वाटतं आणि सगळा घोटाळा होतो. जहाजावर शीट हा दोर असतो, शिडाचा खालचा कोपरा ताणून धरणारा. असे तीन दोर सुटले की शिडं फडफडतात आणि जहाज झोकांड्या खातं. अर्थ: दारूनं पार झिंगलेला. बोलताना चालेल, अर्जात नको.

'टेकन अबॅक' म्हणजे चपापणं. वाऱ्यानं एकाएकी दिशा बदलली किंवा सुकाण्यावरच्या माणसाचं लक्ष ढळलं की वारा समोरून आदळतो, शिडं डोलकाठीवर उलटी दाबली जातात आणि जहाज जागीच थबकतं. डोलकाठी मोडायचीही भीती असते.

'बाय अँड लार्ज' मला यातलं सर्वांत सुंदर वाटतं. वाऱ्याच्या तोंडावर जाणं 'बाय', वारा बाजूनं किंवा मागून घेऊन जाणं 'लार्ज'. दोन्ही जमणारं जहाज एकंदरीत चांगलं! म्हणून अर्थ 'एकंदरीत', 'बहुतांशी'. अपवादाला जागा ठेवणारा. 'पूर्णपणे' नव्हे.

'पॉश'ची बोटीवरची गोष्ट मात्र मानू नये. हिंदुस्थानात येणाऱ्या श्रीमंत इंग्रजांच्या तिकिटांवर, येताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची सावलीची केबिन म्हणून, 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम'ची आद्याक्षरं छापत, असं सांगतात. तसं एकही तिकीट सापडलेलं नाही. उलट एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी बोलीत 'पॉश' हा शब्द पैशांसाठी आणि छानछोकी माणसासाठी वापरात होता.