घुमट, व्हायोलिन आणि पांढरी दोन

जुलैचा शेवटचा शनिवार. पाऊस उघडायचं नाव नाही.

सात-आठ जणांचं लोकसंगीताचं पथक उभं करायचा मुहूर्त गोव्यात पंचांगात बघू नये, मासेमारी बंदीत बघावा. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर किनाऱ्याला लागलेले असतात, त्यामुळे खारवी घरातला माणूस संध्याकाळी सापडतो. भातलावणीवाले दिवसभर शेतात असले तरी रात्री आठनंतर मोकळे. एरवी सगळे एका जागी येणं कठीण. मार्च ते मे सत्तरी-पेडण्याकडची माणसं काजूत गुंतलेली, शिगम्यात ढोल-ताशे वाजवणारा हाती लागत नाही, डिसेंबरपासून जत्रा. आणि चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, कुणाला बोलावणं म्हणजे भांडण ओढवून घेणं. तेव्हा प्रत्येकजण आपापल्या वाड्यावरच्या आरत्यांत.

पथकात येणारे बहुतेक चार वाटांनी येतात. भजनी मंडळातला येतो तो पेटी किंवा पखवाज घेऊन. संतकवी सोहिरोबानाथांची, डोंगरीच्या कृष्णंभट्ट बांदकरांची पदं त्याला पाठ. घुमटवाला (घुमट म्हणजे कातडं मढवलेलं मातीचं मडकं) घरोघरच्या आरत्यांत तयार झालेला. कुणी शिकवलेलं नाही, मोठ्यांच्या मांडीशेजारी बसून हात बसलेला. देवळातल्या चौघड्याच्या घरातला पोरगा लयीला सगळ्यांत पक्का, पण गाण्याच्या मागे वाजवायची सवय कमी. सासष्टीतला व्हायोलिनवाला चर्चच्या शाळेत मेस्ताकडे, म्हणजे संगीताच्या मास्तराकडे, सोल्फा शिकलेला, कागदावरचे सूर वाचणारा. धालो-फुगडी या बायकांच्या नाचगाण्यांतली एखादी बाई मिळाली तर नशीब. तिच्या आवाजाला माइक लागत नाही.

अडचण वाद्यांची नसते, मोजण्याची असते. आरतीतल्या घुमटवाल्याचा हात आठ मात्रांत मुरलेला: केरवा, धुमाळी. मांडो, म्हणजे कोंकणी प्रेमगीत, सहाचा, कागदावर 6/4 लिहितात, आणि संथ. सहा म्हटल्यावर भजनवाला लगेच दादरा धरतो, तीन-तीनचा झोका देऊन. मग मांडोची ओळ जिथे रेंगाळायला हवी तिथे ठेका गाणाऱ्याला मागून ढकलतो. संथ लयीत दोन ठोक्यांमधली रिकामी जागा हाताला बघवत नाही, तो ती भरून काढतो. म्हणून सुरुवात दुलपदापासून, म्हणजे मांडोच्या जोडीच्या जलद गाण्यापासून, करावी. ते 6/8, चाल चपळ, दादऱ्याचा हात तिथे जवळपास तसाच चालतो. मांडोकडे वळताना घुमटाने फक्त समेवर थाप द्यायची, बाकी पाच मात्रा गप्प. हे चार-पाच तालमी तरी टिकवायचं. कंटाळवाणं आहे, पण रिकामी जागा ऐकू येऊ लागते ती इथेच.

उलट बाजूने व्हायोलिनवाल्याची गत आरतीत होते. आरतीची लय शेवटाकडे चढत जाते, हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं. त्याने तेव्हा शामेळवाल्याच्या (शामेळ म्हणजे काड्यांनी वाजवायचा ढोल) काड्यांकडे बघावं. पथकाची लय शामेळ धरतो, घुमटं त्याच्या मागून जातात. बंद खोलीत मात्र शामेळ व्हायोलिनला गिळतो, त्याला मागच्या भिंतीशी बसवावं. कांसाळ्यांची, म्हणजे झांजांची, एकच जोडी पुरे. भजनात टाळ वाजवून आलेल्याला हे पटवून देणं हा वेगळाच उद्योग.

पट्टीवरून पथकं फुटलेली आहेत, इतका तो विषय नाजूक. भजनातला पुरुष सवयीने काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी, सांगतो. व्हायोलिनच्या मोकळ्या तारा जी, डी, ए, ई. काळी एक म्हणजे सी शार्प, तिथे एकही मोकळी तार षड्जाला, म्हणजे सा ला, मिळत नाही आणि बोटं अडखळतात. अर्धा सूर वर सरकून पांढरी दोन घेतली की ती डी होते, व्हायोलिन खुलतं, गाणाऱ्यालाही फार ताण पडत नाही. बाई गाणार असेल तर काळी चारचा हट्ट सोडून पांढरी पाच किंवा पांढरी सहा, म्हणजे जी किंवा ए. पेटी जुनी असेल तर तिचे सूर थोडे इकडेतिकडे असणारच. तिथे व्हायोलिनने पेटीला जुळवून घ्यायचं, कारण पेटीचे सूर तालमीत बसल्या बसल्या बदलता येत नाहीत.

घुमटाला अमुक सुरात लावायच्या नादी लागू नये. दोन घुमटं असली तर एक ताठ, एक खर्जातलं ठेवावं. खर्ज डाव्या हातात आहे: मागचं लहान तोंड तळव्याने झाकत-उघडत गेलं की घुमारा वर-खाली होतो. नव्या माणसाचा उजवा हात लवकर तयार होतो, डावा बरेच दिवस नुसता मडकं धरून बसतो.

चामड्याचा विषय काढला की म्हातारे घोरपडीची आठवण काढतात. पातळ, चिवट, आवाज खणखणीत, सगळं खरं. पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे तिला मारणं, तिचं कातडं वापरणं बंद. तो विषय संपला. 2019 मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली, तेही आता बकरीच्या कातड्यावरच वाजणार. ते दमट हवेत ओलावा धरतं, म्हणून पातळ तुकडा निवडावा. रात्रभर पाण्यात भिजवून, केस खरवडून, ओलंच मोठ्या तोंडावर घालायचं. ओढताना एका कडेने गोल फिरत जाऊ नये. एकदा ही बाजू, एकदा तिची समोरची, मग काठाखाली सुतळी आवळायची. गोल फिरत ओढलं की ताण एका अंगाला राहतो आणि थाप दोन जागी दोन तऱ्हेची वाजते. सुकवणं सावलीत. घाईने चुलीवर धरलं तर कातडं काठाशी तडकतं. पावसात तसंच ओलं राहिलं तर सैल पडतं आणि वास मारतो. वाजवण्याआधी शेकताना निखाऱ्यापासून हातभर लांब धरावं. तळव्याला कोमट लागलं की बस.

डिचोलीच्या कुंभारांकडून मडकं घेताना बोटाने टिचकी मारून बघावी. भदभद आवाज आला तर कुठेतरी चीर आहे, ती डोळ्यांना दिसो न दिसो. गाडीत नेताना खाली चुंबळ हवी. मिरवणुकीत गळ्यात अडकवायचं तर पट्टा कापडाचा रुंद घ्यावा. सुती दोरी घामाने ओली झाली की मानेला कापते आणि वाजवणारा नकळत वाकडा चालू लागतो.

खर्जाचं घुमट आज पुन्हा सैल वाजलं. नवं कातडं रात्री भिजत घालायचं आहे. मात्र ऊन पडेपर्यंत ते मढवून उपयोग नाही.