पालथं कसाले निजू?

"पालथं कसाले निजू? मी काय तान्हं पोर शे का?" आप्पा ऑक्सिजनच्या मास्कमधूनच सिस्टरवर खेकसले. मॉनिटरवर ऑक्सिजन ९०.

जळगावच्या सिस्टर असल्या खेकसण्याला भीत नाहीत. जेवून तास झालाय ना, एवढंच विचारलं. मग एक उशी मानेखाली, दोन छातीपासून मांड्यांपर्यंत, दोन नडग्यांखाली. अर्ध्या तासात ९४! उताणं पडलं की पाठीकडचं फुप्फुस दबतं, पालथं झालं की तिथे हवा पोचते.

एप्रिल २०२१मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने हेच चित्रांसकट सांगितलं होतं. फॅमिली ग्रुपवर आलेलं ते मी गुड मॉर्निंगच्या फुलांसोबत डिलीट केलं. तेव्हा कोविड झालेले काका घरीच होते. आम्ही त्यांना सारखं बजावत होतो, "हलू नका, उताणेच पडा."

आप्पा आता घोरतायत. फाटक्या बनियनमधून पाठ वरखाली होतेय.