४० मीटरच्या बिटएक्सची पॉवर कुठे गेली?

गेल्या आठवड्यात हॅम (हौशी) रेडिओवर कोल्हापूरच्या मित्राने सांगितलं, "आवाज स्वच्छ येतोय, पण तू पूर्वीसारखा जोरात नाहीस." नेहमी सिग्नलचा रिपोर्ट ५-७ मिळायचा (पहिला आकडा स्पष्टतेचा, दुसरा जोराचा), तो ५-५ वर आला होता. आधी ४० मीटर बँडची, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याची, अवस्था म्हणून सोडून दिलं. तीन सकाळी सलग तेच झालं, तेव्हा रिग टेबलावर घेतला.

रिग म्हणजे अशर फरहान (कॉलसाइन व्हीयू२ईएसई) यांच्या बिटएक्स डिझाइनवर मी दोन वर्षांपूर्वी हाताने जोडलेला ७ मेगाहर्ट्झचा एसएसबी (आवाज पाठवायची एक पद्धत) सेट. फायनलला, म्हणजे शेवटच्या पॉवर टप्प्याला, आयआरएफ५१० ट्रान्झिस्टर.

पहिलं काम म्हणजे अँटेना काढून डमी लोड, म्हणजे तिच्याऐवजी पॉवर पचवणारा रेझिस्टर, लावणं. माझा डमी लोड साधा आहे: १ किलोओहमचे, २ वॅटचे वीस कार्बन फिल्म रेझिस्टर समांतर, म्हणजे बरोबर ५० ओहम. त्यावर १एन४१४८ डायोड आणि ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, पुढे मल्टिमीटर; हाच माझा प्रोब. माइकमध्ये एकसारखी शीळ घातली. मीटरवर ८.४ व्होल्ट. डायोडचे ०.६ धरले की शिखर ९ व्होल्ट. ९ चा वर्ग भागिले १०० (५० ओहमची दुप्पट), म्हणजे जेमतेम ०.८ वॅट. वहीत जोडणीच्या वेळची नोंद होती २५.९ व्होल्टची, म्हणजे ७ वॅट. सातावरून ०.८ वॅट म्हणजे जवळपास साडेनऊ डेसिबल, एस-मीटरवर दीड घर. मित्राचा कान अचूक होता. (हा डायोड उलट्या दिशेने ७५ व्होल्टच सोसतो, त्यामुळे बारा-तेरा वॅटच्या वर हा प्रोब लावू नका.)

सप्लाय तपासला. शीळ चालू असतानाही १३.१ व्होल्ट ठाम. फायनलचा करंट मात्र पूर्वी १.२ अँपिअर जायचा, तो ०.५ वर अडकलेला. इथे मी घाई केली. आयआरएफ५१० गेला असं ठरवून बुधवार पेठेतून नवा आणला, टॅबखाली अभ्रकाची चकती आणि पेस्ट लावून बसवला. याचा टॅब म्हणजेच ड्रेन (सप्लाय येतो तो पाय), चकती फाटली की सप्लाय थेट हीटसिंकवर. बायसचा (गेटला स्थिर व्होल्टेज देणारा) प्रीसेट पूर्ण खाली आणून हळूहळू वर नेत स्थिर करंट १०० मिलिअँपिअरवर ठेवला. शीळ घातली. ०.८ वॅट! म्हणजे बिघाड दुसरीकडेच होता.

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं: प्रोब घेऊन टप्प्याटप्प्याने गेलो. ड्रायव्हरवर (फायनलच्या आधीच्या टप्प्यावर) सिग्नल भरपूर, फायनलच्या गेटवर (इनपुटच्या पायावर) भरपूर, कपलिंग कपॅसिटरच्या पुढेही भरपूर. लो-पास फिल्टरच्या (हार्मोनिक, म्हणजे दुप्पट-तिप्पट फ्रिक्वेन्सीचे नको असलेले सिग्नल, अडवणाऱ्या) पहिल्या कॉइलच्या अलीकडे व्होल्टेज चढं, पलीकडे एकदम पडलेलं. कॉइल म्हणजे टी५०-२ च्या लाल कोअरवर १६ वेढे, साधारण १.२५ मायक्रोहेन्री. तिचा ओहम मोजला तर जवळपास शून्य. क्षणभर वाटलं, हीही ठीकच आहे. पण लाकडी काडीने तिचं एक टोक हलकेच दाबलं आणि मीटरचा आकडा उडाला, कधी दोन ओहम, कधी चाळीस.

टोक काढून भिंगाखाली धरलं. सोल्डर तारेभोवती सुंदर गोल बसलेला, पण तारेला जेमतेमच चिकटलेला. इनॅमल (तारेवरचं विद्युतरोधक आवरण) एका बाजूला खरवडलं गेलं होतं, दुसऱ्या बाजूला तसंच तांबूस चकचकीत. त्या अरुंद पट्टीवर दोन वर्षं सेट चालला, आणि मला वाटतं यंदाच्या पावसाळ्यातल्या ओलाव्याने ती पट्टी काळवंडली. जोड पूर्ण तुटलेला नसल्यामुळेच थोडी पॉवर बाहेर येत होती. पार शून्य झाली असती तर शोधणं सोपं गेलं असतं.

तेव्हा टोरॉइड (कड्याच्या आकाराच्या कोअरवरची कॉइल) गुंडाळणाऱ्यांनी एवढं करा: ब्लेडने तार चारही बाजूंनी, फिरवत फिरवत खरवडा. मग बोर्डात घालण्याआधीच टोकाला सोल्डर चढवा. तो सगळीकडे सारखा पसरला तरच तार भोकात घाला. मी दोन्ही कॉइलची चारही टोकं अशी पुन्हा केली. दुसऱ्या कॉइलचं एक टोकही अर्धवटच निघालं.

परत शीळ: २५.७ व्होल्ट, ६.९ वॅट. करंट १.२ अँपिअर.

तपासताना कॉइलला तारेने बगल देऊन पाहायचा मोह झाला होता. तसं करायचं असेल तर फक्त डमी लोडवर करा. फिल्टर दुबळा करून अँटेना जोडली तर १४ मेगाहर्ट्झचा हार्मोनिक दुसऱ्याच्या कानात जातो.

काढलेला आयआरएफ५१० काल पुन्हा लावून पाहिला. बायस जुळवल्यावर तोही ६.९ वॅटच देतो. नवा आता डब्यात आहे. दोन मिनिटं सलग शीळ घातली की पॉवर ६.२ पर्यंत उतरते, तेव्हा पुढच्या रविवारी हीटसिंक मोठा बसवणार आहे. आज सकाळी कोल्हापूरहून ५-७ आला.